शुभेच्छुकांची जागा

कल्पिता मढवीला मी प्रत्यक्ष पाहण्याआधी बॅनरवर पाहिलं होतं. आमच्या डोंबिवलीत यात नवल काही नाही. इथे मूल जन्मलं की बॅनर लागतो, दहावी पास झालं की लागतो, नवी गाडी घेतली की लागतो, आणि माणूस गेला की सगळ्यात मोठा लागतो, तो फक्त त्याला बघता येत नाही. मानपाडा रोडच्या एका वळणावर लोखंडी पाइपांची चौकट कायमची उभी आहे. तिच्यावरचे चेहरे दर आठवड्याला बदलतात. मी रोज सकाळी साडेसातला रिक्षाने तिथून जाते आणि रिक्षा तिथे हमखास अडकते. त्यामुळे सकाळचा पेपर उघडण्याआधी माझा हा बॅनर वाचून होतो.

दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये त्या चौकटीवर एक मुलगी आली. काळा गाऊन, चौकोनी टोपी, टोपीचा गोंडा गालावर, हातात लाल फीत बांधलेली सुरळी. 'गावातील पहिली लॅब टेक्निशियन कु. कल्पिता काळुराम मढवी हिचे हार्दिक अभिनंदन!' आणि खाली रिवाजाप्रमाणे शुभेच्छुक. बत्तीस जण होते. रिक्षा हलत नव्हती म्हणून मी मोजले. बत्तीसच्या बत्तीस पुरुष. कुणाच्या डोळ्यांवर काळा चष्मा, कुणाचा फोन कानाला, आणि मधोमध गळ्यात जाड साखळी घालून हात जोडलेले तिचे वडील काळुरामशेठ. मला हसू आलं आणि थोडा हेवाही वाटला. मी बी.एस्सी. झाले तेव्हा बाबांनी पाव किलो पेढे आणले होते, आणि त्यातलेही चार पाहुण्यांसाठी डब्यात राखून ठेवले होते.

मी उत्तरा लेले. तेहतीस वर्षं सरकारी दवाखान्याच्या लॅबमध्ये रक्त-लघवी तपासण्यात गेली. निवृत्त झाले आणि वर्षभरात माझे यजमान त्र्यंबक गेले. मुलगा परदेशात. मग घर खायला उठायला लागलं, म्हणून इथल्याच एका डॉक्टरांच्या छोट्या लॅबमध्ये सकाळच्या वेळी जाते. स्लाइड्स बघते, नोकरीला येणाऱ्या मुलामुलींचे कागद तपासते, आणि तोंडाने फटकळ असल्यामुळे नको असलेल्यांना परत पाठवायचं काम डॉक्टर माझ्याकडेच देतात.

दिवाळी झाल्यावर एक दिवस बॅनरवरची ती मुलगी आमच्या लॅबच्या काउंटरसमोर उभी होती. बॅनरवर होती त्यापेक्षा बरीच लहान दिसत होती. फाइल पारदर्शक प्लास्टिकची, आतले कागद क्रमाने लावलेले, बोटांना घाम. मी तिला मायक्रोस्कोपपाशी नेलं आणि एक स्लाइड लावायला सांगितली. तिने ती उलटी ठेवली. मग भिंगाकडे अशी बघत राहिली की या यंत्रात डोळा नक्की कुठून घालतात तेच तिला ठाऊक नसावं.

"आमच्याकडे एकच मायक्रोस्कोप होता, मॅडम," ती म्हणाली. "त्याचा बल्ब गेलेला."

"कधी गेला?"

"मी ॲडमिशन घेतली त्याच्या आधी."

मी फाइल उघडली. प्रमाणपत्र देखणं होतं. सोनेरी किनार, दोन सिंह, कुठल्याशा राष्ट्रीय म्हणवणाऱ्या परिषदेचा गोल शिक्का. पण आमच्या कामाला नोंदणी लागते, आणि ती सरकारच्या यादीतल्या कोर्सलाच मिळते. या कोर्सचं नाव त्या यादीत नव्हतं, कधी नव्हतंच. मी तिला तसं सांगितलं. जरा चढ्या आवाजातच सांगितलं, कारण असे सोनेरी कागद पाहिले की माझं डोकं फिरतं, आणि ज्याने ते छापले तो समोर नसतो म्हणून ज्याच्या हातात असतात त्याला बोलणी बसतात.

ती रडेल असं मला वाटलं होतं. तिने कागद एकेक करून परत फाइलमध्ये घातले, क्रम न चुकवता. मग म्हणाली, "मॅडम, माझ्या मागनं अकरा जणी गेल्यात."

मला कळलं नाही. मग तिने सांगितलं. जूनमध्ये तो बॅनर लागला आणि त्याच महिन्यात त्यांच्या गावातल्या अकरा मुलींनी त्याच इन्स्टिट्यूटमध्ये प्रवेश घेतला. काळुरामशेठची मुलगी झाली, तर आपली का नाही होणार? कुणी तिला विचारायला आलं नव्हतं, आणि विचारायचं तरी काय? बॅनर होता ना.

इन्स्टिट्यूटचं नाव मी इथे लिहीत नाही. तसंही ते दर दोन-तीन वर्षांनी बदलतं. ते कल्पिताच्याच घरात होतं. घरात म्हणजे अक्षरशः घरात. मढवींची शेती रस्त्यांत आणि कारखान्यांत गेली, उरलेल्या तुकड्यावर काळुरामशेठनी चार मजली इमारत बांधली. खाली दुकानं, वरचे दोन मजले भाड्याने, आणि तिसऱ्यावर ही मंडळी. पहिल्या मजल्यावर इन्स्टिट्यूट आलं तेव्हा सातवीपर्यंत शिकलेल्या त्या माणसाला आकाश ठेंगणं झालं. आपल्या जागेत कॉलेज. डायरेक्टर सर सफारीत यायचे, त्यांना शेठ म्हणायचे, आजीच्या पाया पडायचे.

कल्पिताला बारावीला एकाहत्तर टक्के होते आणि ठाण्यातल्या एका सरकारमान्य कॉलेजात तिचं नाव लागलं होतं. तिने ते घरी सांगितलंही. पण काळुरामशेठचा एक ठोकताळा होता, आणि तो त्यांना आयुष्यात कधी चुकला नव्हता: भाडेकरू मालकाला फसवत नाही. खालचा औषधवाला, मोबाइलवाला, चायनीजवाला, सगळे त्यांना दबून असायचे. "आपले घरान बसून तो आपल्यालाच फसवंल काय?" ते म्हणाले, आणि प्रश्न मिटला. दुसऱ्या कुणी हा प्रवेश घेण्याआधी निदान चार ठिकाणी चौकशी केली असती. यांनी केली नाही, कारण यांच्याकडे त्या कॉलेजच्या खोल्यांच्या चाव्या होत्या.

मग दोन वर्षं कल्पिता दोन जिने उतरून कॉलेजला गेली. चप्पल घालायचीही गरज पडायची नाही, असं ती मला म्हणाली. तास चालू असताना आई वरून फोन करायची, जरा वर येऊन भाजी चिरून जा म्हणून. बाकीच्या मुली मालकाची पोरगी म्हणून तिच्याशी जपून बोलायच्या, सर तिला कधी रागवायचे नाहीत, आणि डबा ती घरी येऊन खायची. कॉलेज म्हणजे मैत्रिणी, कट्टा, उशिरा घरी येणं, हे तिने फक्त ऐकलं. आमच्या पिढीत मुलींना घराबाहेर पडायला कॉलेज हे निमित्त मिळायचं. तिला कॉलेजनेच घरात ठेवलं.

आमच्या डॉक्टरांनी तिला काउंटरवर ठेवून घेतलं. नावं लिहायची, बाटल्यांना चिठ्ठ्या लावायच्या, रिपोर्ट द्यायचे. रक्ताला हात लावायचा नाही. तिने ते मान्य केलं, आणि पहिल्या शनिवारी मला विचारलं की तुम्ही माझ्याबरोबर ठाण्याला याल का. तिच्या प्रमाणपत्रावर त्या परिषदेच्या विभागीय कार्यालयाचा पत्ता होता, वागळे इस्टेटमधला. तिने पाठवलेल्या तीन पत्रांना तिथून उत्तर आलं नव्हतं.

आम्ही बसने गेलो. माजिवड्याला बस थांबली तेव्हा तिने खिडकीतून एका मोठ्या इस्पितळाकडे बोट दाखवलं आणि म्हणाली की मी इथे गेलेली, तिथल्या बाईंनी नोंदणीचा नंबर विचारला, आणि तो काय असतो हेच मला माहीत नव्हतं. अशा सात ठिकाणी ती गेली होती. घरी सांगायची की कळवतो म्हणालेत.

वागळे इस्टेटमधली ती इमारत सापडली, मजला सापडला, गाळ्याचा नंबरही बरोबर निघाला. आत मिठाईचे खोके बनत होते. गुलाबी पुठ्ठे, डिंकाचा वास, चार बायका खाली बसून घड्या घालत होत्या. मालक भला माणूस. परिषद म्हटल्यावर त्याने कपाळाला हात लावला. या वर्षात आम्ही पाचव्या होतो. कधीतरी कुणी त्याच्या गाळ्याचा पत्ता वापरला होता, तो पोलिसांत अर्ज देऊन आला होता, पण पत्रं येतच राहतात. फेकवत नाहीत म्हणून तो ती एका मोठ्या खोक्यात टाकून ठेवायचा. त्याने खोका आमच्यासमोर आणून ठेवला.

कल्पिता खाली बसली आणि पाकिटं चाळायला लागली. जळगाव, बीड, पनवेल, भिवंडी. सगळी मुलामुलींची अक्षरं. तिला तिची तिन्ही मिळाली. एकही उघडलेलं नव्हतं. तिने ती पर्समध्ये ठेवली आणि मालकाला विचारलं, बाकीच्यांची पण नेऊ का. तो म्हणाला, तुमची नाहीत ती कशी देऊ? बरोबर होतं त्याचं. आम्ही पायऱ्या उतरलो. बसमध्ये ती माझ्या शेजारी बसली होती, मांडीवर पर्स धरून. मी शेंगदाण्यांची पुडी घेतली होती, ती तशीच घरी आली.

त्या संध्याकाळी तिने वडिलांना सांगितलं. हे तिने मला नंतर, थोडं थोडं करून सांगितलं. काळुरामशेठनी लगेच डायरेक्टरांना वर बोलावलं. ते आले, आजीच्या पाया पडले, चहा घेतला, आणि म्हणाले की मान्यतेची प्रक्रिया चालू आहे, नवीन धोरण आलंय, जरा वेळ लागतोय, मुलगी हुशार आहे म्हणून घाई करते. काळुरामशेठचं समाधान झालं. व्हायचंच होतं. कल्पिताने मिठाईच्या खोक्यांची गोष्ट सांगितली, तीन बंद पाकिटं पुढे ठेवली. वडिलांनी ती हातात घेतली नाहीत.

"बॅनर लावलाय मी," ते म्हणाले. "बत्तीस मानसांची तोंडं हायत त्याच्यावर. आता काय सांगू त्यांना, पोरीचा कागद खोटा हाय?"

ती म्हणाली, हो, तेच सांगा. त्यावर ते उठून गच्चीवर गेले. त्या दिवसापासून त्यांनी तिच्याशी बोलणं कमी केलं. रागाने नाही, असं ती म्हणायची. तिच्याकडे बघितलं की त्यांना तो कागद आठवायचा.

मग तिने अकरा घरं केली. एकटीने, रोज एक. करिश्मा समोरच्या घरातली, बालवाडीपासूनची मैत्रीण, तिच्याकडे सगळ्यांत आधी गेली. तिला वाटलं, ही ऐकेल, आणि ही ऐकली की बाकीच्या ऐकतील. करिश्माने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुला नोकरी नाही लागली ते तू बघ ना. आमच्या मागे कशाला लागलीस?" बाकीच्या दहा घरांत याहून सभ्यपणे तेच झालं. कुणाची आई म्हणाली, तुझ्या बापाच्या जागेत कॉलेज, तूच म्हणतेस खोटं, मग बापाला सांग आधी. आठवडाभरात मुलींनी नवा व्हॉट्सॲप ग्रुप काढला. कल्पिता जुन्यात राहिली. त्यात मग कुणी काही टाकलं नाही.

फेब्रुवारीत करिश्माच्या बहिणीची हळद होती. त्यांच्यात हळदीला अख्खं गाव लोटतं, बायका जात्यापाशी बसून धवल्याची गाणी म्हणतात, आणि मग बेंजो लागला की पोरी पहाटेपर्यंत नाचतात. कल्पिता गेली. तिला कुणी हाकललं नाही, कुणी काही बोललं नाही. नाचायला मात्र कुणी हात धरून ओढलं नाही, आणि तिथे हात धरून ओढल्याशिवाय कुणी उठत नसतं. ती प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून राहिली, जेवली आणि घरी आली. दुसऱ्या दिवशी हे तिने मला अगदी सहज सांगितलं, बाटल्यांना चिठ्ठ्या लावता लावता. मी म्हटलं, जाऊ दे गं, सरळ होतील. मला काही ते खरं वाटत नव्हतं.

ती दुपारी लॅबमधून घरी जायला नाखूश असायची, आणि मला तर घरी जाऊन करायचं काहीच नसायचं. मग ती माझ्याकडे चहाला यायला लागली. मॅडमची काकू कधी झाले ते कळलं नाही. मी तिला माझ्या जुन्या वह्या दिल्या. लॅबमध्ये दुपारी दोननंतर मायक्रोस्कोप मोकळा असतो, तिथे तिला बसवायला लागले. पहिल्या दिवशी रक्ताची स्लाइड लावून भिंग नीट जुळवून दिलं. ती वाकली आणि बराच वेळ उठलीच नाही.

"काकू, एवढ्या?" ती म्हणाली. मग डोळा न काढता म्हणाली, "मी ह्यांच्यावर दोन वर्षं परीक्षा दिल्या. ह्यांना बघितलंच नव्हतं कधी."

तेहतीस वर्षं मी त्या तांबड्या पेशी मोजल्या, पण त्या दिवशी मलाही त्या नव्याने बघाव्याशा वाटल्या. मी वाकून बघत होते तेव्हा ती मागे उभी होती. काहीतरी टिकटिकलं, मला वाटलं तिचा फोन वाजला. तिला वर्षं वाया गेल्याचं दुःख होतंच, पण तिला झोप लागू न देणारी गोष्ट ती अकरा नावं होती. त्यांचं दुसरं वर्ष जूनमध्ये सुरू होणार होतं. त्याआधी बाहेर पडल्या तर एकच वर्ष जाईल, नाहीतर दोन. ती कॅलेंडरकडे बघायची तेव्हा मला कळायचं ती काय मोजतेय.

मे महिन्यात त्याच चौकटीवर इन्स्टिट्यूटने स्वतःचा बॅनर लावला. कल्पिताचा तोच फोटो, तोच गोंडा, आणि खाली लिहिलं होतं, 'आमची यशस्वी विद्यार्थिनी, आज नामांकित लॅबमध्ये कार्यरत'. ती नामांकित लॅब म्हणजे आमचं काउंटर. मी रिक्षातच शिव्या घातल्या, रिक्षावाला मागे वळून बघायला लागला. कल्पिता डायरेक्टरांकडे गेली, दोन जिने उतरून. ते म्हणाले, तुम्ही लॅबमध्ये काम करता ना? मग यात खोटं काय आहे?

त्यानंतरच्या रविवारी ती दुपारची माझ्या घरी आली. मी आंब्याच्या फोडी पुढे ठेवल्या, तिने हात लावला नाही. फोनवर लिहून आणलेला मजकूर माझ्यापुढे धरला. तिलाही बॅनर लावायचा होता. त्याच चौकटीवर, स्वतःच्या पगारातून. मजकूर असा होता: 'मी कल्पिता काळुराम मढवी. माझ्या प्रमाणपत्राला सरकारी मान्यता नाही. त्यावर मला लॅब टेक्निशियनची नोकरी मिळू शकत नाही. प्रवेश घेण्याआधी कोर्सचं नाव सरकारच्या यादीत आहे का ते बघा. मी बघितलं नव्हतं.' कुणाला शिवी नाही, इन्स्टिट्यूटचं नाव नाही. मी शुद्धलेखनाची एकही चूक काढू शकले नाही, आणि ही गोष्ट माझ्याबाबतीत फार क्वचित घडते.

मी म्हटलं, छान लिहिलंयस. मग ती म्हणाली, "काकू, खाली तुमचं नाव टाकू? माझं एकटीचं कोण ऐकणार? म्हणतील, जळते. तुम्ही तेहतीस वर्षं सरकारी लॅबमध्ये होता. तुमचं नाव असलं की लोकांना कळेल हे खरं आहे."

आता खरं सांगते. मला भीती वाटली. आमच्या लॅबचा गाळा काळुरामशेठच्या चुलतभावाचा. मी एकटी राहणारी बाई. उद्या कुणी दारात येऊन उभं राहिलं तर? डॉक्टर म्हणाले, तुमच्यामुळे जागा गेली, तर? आणि भीतीच्याही खाली आणखी एक गोष्ट होती, ती सांगायला जास्त लाज वाटते. आमच्यासारखी माणसं बॅनरवर नसतात. आम्ही रिक्षात बसून बॅनर वाचतो, त्यातल्या चुका काढतो, हसतो. माझं नाव त्या पाइपांच्या चौकटीवर, चायनीजच्या गाडीच्या डोक्यावर, ही कल्पनाच मला सोसेना. सगळं आयुष्य आपण बरं, आपलं काम बरं, या धोरणाने काढलेलं.

मी तिला म्हटलं, "अगं, मला कशाला गुंतवतेस यात? मी तुला पाहिजे ती मदत करीन. पण हे असं चव्हाट्यावर नको."

ती म्हणाली, "बरं." एवढंच. चहा संपवला, कप विसळून पालथा घातला, नेहमी घालायची तसाच. दारात चपला घालताना म्हणाली, "येते मॅडम." मला ऐकू आलं, पण मी तिला परत बोलावलं नाही.

बुधवारी सकाळी रिक्षा वळणावर अडकली आणि मी वर बघितलं. बॅनर लागला होता. पांढरा, वर तो मजकूर, डाव्या बाजूला तिचा साधा, पासपोर्टचा असतो तसा फोटो. ना गाऊन, ना टोपी. आणि खाली, जिथे चेहरे असतात तिथे, पांढरी पट्टी. नुसती मोकळी पट्टी, या टोकापासून त्या टोकापर्यंत. 'शुभेच्छुक' हा शब्दही नव्हता. एवढ्या वर्षांत त्या चौकटीवर मी एकट्या माणसाचा बॅनर पाहिला नव्हता. श्रद्धांजलीच्या बॅनरवरसुद्धा खाली शोकाकुल मंडळी असतात.

बॅनर तीन दिवस राहिला. मला वाटलं होतं पहिल्याच दिवशी कुणी फाडेल. कुणी फाडला नाही. काळुरामशेठनी मनात आणलं असतं तर तासाभरात उतरला असता, पण ते बॅनरपाशी गेलेच नाहीत. ते तीन दिवस त्यांनी मोटारसायकल मागच्या गल्लीतून काढली. चौथ्या दिवशी महापालिकेची गाडी आली आणि रस्त्यावरचे सगळेच बॅनर घेऊन गेली, वाढदिवसांचे, कल्पिताचा आणि इन्स्टिट्यूटचाही.

अकरांतल्या चौघी बाहेर पडल्या. चौघींच्या घरच्यांनी सरकारची यादी मागवून बघितली. करिश्मा त्यांत नव्हती. बाहेर पडलेल्या चौघींपैकी कुणी कल्पिताच्या घरी जाऊन तसं सांगितलं नाही. मला ते एकीच्या आईकडून कळलं, ती साखरेची तपासणी करायला येते. मी तिला म्हटलं, त्या पोरीला जाऊन सांगा हो एवढं. ती म्हणाली, जायला पायजे, पण जरा अवघड वाटतं.

जुलैत कल्पिताने ठाण्यातल्या त्याच कॉलेजात प्रवेश घेतला, जिथे तीन वर्षांपूर्वी तिचं नाव लागलं होतं. पुन्हा पहिल्या वर्षाला, अठरा वर्षांच्या मुलींबरोबर. नोकरी सोडताना डॉक्टरांच्या पाया पडली, माझ्याही पडली, आणि वह्या परत दिल्या, प्लास्टिकचं कव्हर घालून. आता ती सकाळी सहाला निघते. पहिल्या मजल्यावरून उतरताना इन्स्टिट्यूटच्या दारावरून जावं लागतं. तिथे नवं नाव लागलंय, डायरेक्टर तेच आहेत, आणि भाडेकरू अजून मालकाला दबून आहे. तिचा मला महिन्यातून एकदा मेसेज येतो, मॅडम कशा आहात. मी लिहिते, छान. दुपारी दोननंतर मायक्रोस्कोप मोकळा असतो, पण मी थांबत नाही, घरी येते.

गेल्या आठवड्यात लॅबच्या वेळांची पाटी करायला मी महेंद्रकडे गेले. मानपाडा रोडवर त्याचं फ्लेक्सचं दुकान आहे, इथले निम्मे बॅनर तोच छापतो. त्याने माझं नाव विचारलं, पावतीवर लिहायला. मी सांगितलं. तो थांबला आणि माझ्याकडे नीट बघायला लागला.

"तुम्हीच का त्या?" तो म्हणाला, आणि कॉम्प्युटर माझ्याकडे वळवून त्याने एक फाइल उघडली. कल्पिताचा बॅनर होता. पण हा रस्त्यावर लागला तो नव्हता. याच्या खालच्या पट्टीत मधोमध एक फोटो होता, मायक्रोस्कोपवर वाकलेल्या बाईचा, पांढरे केस, पाठीवर पदर. शेजारी लिहिलं होतं: 'श्रीमती उत्तरा त्र्यंबक लेले, निवृत्त लॅब टेक्निशियन, ३३ वर्षे सेवा'.

"शनिवारी येऊन तिने सगळं करून घेतलेलं," महेंद्र म्हणाला. "मी म्हटलं, एकच शुभेच्छुक? बोलली, एक पुरे. मग रविवारी संध्याकाळी फोन आला, फोटो आणि नाव काढ. मी बोललो, मग मजकूर मोठा करतो, जागा भरून निघेल. तर बोलली, नको, जागा राहू दे."

शनिवारी. म्हणजे मला विचारायच्या आदल्या दिवशी. मी हो म्हणणार, हे तिने धरूनच ठेवलं होतं. अकरा घरांतून परत आलेली ती मुलगी माझ्या घरात बसून माझ्याविषयी एवढी निर्धास्त होती, आणि मी तिला चव्हाट्याच्या गोष्टी सांगत होते.

मी महेंद्रला विचारलं, हा आता छापता येईल का, हा नावाचा. पैसे मी देते, आज छाप, आज लाव.

"छापायला काय, छापतो," तो म्हणाला. "पण लावणार कुठे, मॅडम? तिथे काल वाढदिवसाचा लागलाय."